पुणे की पुळे: साउंड कार्डवर एसईएफडीएम

६ जुलै २०२४, शनिवार

भाचा ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने एसईएफडीएम, म्हणजे कमी बँडविड्थमध्ये तेवढाच डेटा कोंबायची पद्धत, निवडलं, गाइडने मान डोलावली, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की हे करून कसं दाखवायचं हे कुणालाच माहीत नाही. म्हणून स्वारी माझ्याकडे. शनिवार-रविवार मी देणार, कोड तो लिहिणार, नोंदी मी ठेवणार. पुढे कुणी याच वाटेने आलं तर निदान आमचे खड्डे तरी चुकवता येतील.

थिअरी लागते ती एवढीच. ओएफडीएम म्हणजे डेटा शेजारशेजारच्या अनेक सुरांवर, सबकॅरिअरवर, वाटून पाठवणं. त्यात एका वेळच्या घासाचा, म्हणजे सिम्बॉलचा, काळ टी असेल तर सबकॅरिअरमधलं अंतर बरोबर १/टी ठेवतात. त्यामुळे ते शेजारी शेजारी राहूनही एकमेकांच्या अंगणात येत नाहीत. एसईएफडीएममध्ये हे अंतर मुद्दाम त्याच्या अल्फा पटच ठेवतात. अल्फा एकापेक्षा लहान. बँडविड्थ वाचते, पण शेजारी एकमेकांत मिसळतात आणि तो गुंता रिसीव्हरने सोडवायचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून २००३ साली ही कल्पना मांडली गेली.

एसडीआर बोर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, घ्यायचा का, यावर तासभर गेला. दोन बोर्ड म्हणजे खिशाला मोठी कात्री, शिवाय हवेत रेडिओ सोडायचा तर परवान्याचं बघावं लागतं. शेवटी ठरलं की आवाजावरच करायचं. एका लॅपटॉपचा स्पीकर, दुसऱ्याचा माइक, पायथन आणि त्याची गणिताची लायब्ररी नमपाय. गणित तेच राहतं आणि बिघडलं की कानाला कळतं.

आकडे असे ठरवले: सॅम्पलिंग ४८,००० हर्ट्झ, आयएफएफटी (सूर एकत्र करून लाट बनवणारं गणित) १२८० पॉइंटची, म्हणजे सबकॅरिअरमधलं अंतर ३७.५ हर्ट्झ. बिन, म्हणजे सुरांच्या जागा, ४८ ते ६३ वापरायचे, म्हणजे १८०० ते २३६२.५ हर्ट्झ, एकूण १६ सबकॅरिअर, प्रत्येकावर क्यूपीएसके, म्हणजे चार पर्याय, दोन बिट. १२८० सॅम्पल पूर्ण पाठवले की साधं ओएफडीएम. त्यातले पहिले १०२४ ठेवून बाकीचे फेकले की अल्फा ०.८ चं एसईएफडीएम: अंतर तेच, पण टी आखडल्याने ते १/टीच्या ०.८ पटच उरतं. ट्रान्समीटर इतका सोपा आहे की भाचा म्हणाला, "मामा, एवढंच? मग सबमिशनला दोन महिने कशाला दिलेत?"

हवेत जाण्याआधी केबलवर करून बघायचं होतं, म्हणून दुपारी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. यूएसबी साउंड कार्ड दोन, २५० प्रमाणे ५०० रुपये. ऑक्स केबल ८०. रेझिस्टर आणि प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) २० रुपयांचे. साउंड कार्ड का, तर आजकालच्या लॅपटॉपचा एकच जॅक असतो, चार कड्यांचा. साध्या ऑक्स केबलला तीनच कड्या, माइकपर्यंत सिग्नल पोचतच नाही. हे सकाळी घरी दोन तास डोकं खाऊन कळलं होतं.

७ जुलै, रविवार

हेडफोनचं आउटपुट थेट माइकच्या भोकात घातलं. स्क्रीनवर लाटांचे माथे सपाट कापलेले. माइक इनपुट फार नाजूक असतं. सोळा सूर एका क्षणी जुळून आले की माथा उंच जातो आणि छाटला जातो. १० किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर लावला, म्हणजे सिग्नल साधारण अकराव्या हिश्शावर. माथे परत गोल झाले.

दुसरं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधलं नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन बंद करा. सगळ्यात आधी करा. ते चालू असताना आमचे सूर अर्ध्या सेकंदात विरून जायचे. पंख्याची घरघर समजून ते पुसून टाकत होतं बिचारं.

१३ जुलै, शनिवार

पहिल्यांदा आठच सबकॅरिअर, अल्फा ०.८, केबलवरून, एकाच लॅपटॉपवर. रिसीव्हर सगळ्यात साधा: शेजाऱ्यांमधल्या गळतीची मॅट्रिक्स, म्हणजे कोण कुणात किती मिसळतो त्याचा तक्ता, घ्यायची, उलटी करायची, गुणायची. एकही बिट चुकला नाही. दहा वेळा पाठवलं, दहाही वेळा बरोबर. भाच्याने ग्रुपवर फोटो टाकला. मीही टाकू दिला, ही माझी चूक.

१४ जुलै, रविवार

आठचे सोळा केले. कोडमध्ये एक आकडा बदलला, बाकी काही नाही. चुकांचा पाऊस.

विचित्र गोष्ट ही की कडेचे सबकॅरिअर स्वच्छ होते आणि मधल्यांवर खच. सहावा ते अकरावा, तिथेच सगळी घाण. माझा कयास असा की २१०० हर्ट्झच्या आसपास कुठली तरी शीळ शिरतेय, बहुधा चार्जरची. चार्जर काढला. फरक नाही. ट्यूबलाइट बंद केली. फरक नाही.

२० आणि २१ जुलै

वाया गेलेला वीकएंड. केबलवर संशय, म्हणून शील्ड असलेली ३५० रुपयांची केबल. फरक नाही. साउंड कार्डांची अदलाबदल. फरक नाही. सगळे सूर ६०० हर्ट्झने वर सरकवले, तर चुकाही सोबत वर सरकल्या आणि पुन्हा मधल्याच सबकॅरिअरवर जाऊन बसल्या. इथेच ट्यूब पेटायला हवी होती. शीळ एका जागी असती, ती आमच्यामागे फिरली नसती. पण आदल्या दिवशी साडेतीनशे रुपये घातले की माणूस केबलवरच संशय घेत राहतो.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळतोय. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत शिरलं. ऑफिसला दांडी, आणि अकराच्या सुमारास आमच्या एरंडवण्यातही लाईट गेली. स्पीकर नाही, इंटरनेट नाही. लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर एकच काम होण्यासारखं होतं: गळतीच्या मॅट्रिक्सकडे नीट बघणं. ते तीन आठवड्यांत केलंच नव्हतं.

अल्फा ०.८ ला शेजारच्या सबकॅरिअरमध्ये ०.२३ गळतं, त्याच्या पलीकडे ०.१९, मग ०.१३, मग ०.०६, आणि पाचव्या शेजाऱ्यात बरोबर शून्य, कारण पाच गुणिले ०.८ म्हणजे पूर्ण चार. आकडे तसे गरीब दिसतात. मग आयगेनव्हॅल्यू काढल्या, म्हणजे कुठल्या दिशेतला सिग्नल ही मॅट्रिक्स किती पट करते ते आकडे. सोळातल्या बहुतेक सव्वाच्या आसपास, शेवटच्या दोन-तीन घसरत जातात, आणि सगळ्यात लहान हजारात एकाहूनही खाली. सगळ्यात मोठीला सगळ्यात लहानीने भागलं तर दीड हजाराच्या वर. मॅट्रिक्स उलटी करायची म्हणजे त्या लहान दिशेतला नॉइज ३० डेसिबेलहून जास्त फुगवायचा. आमच्या केबलवर सिग्नल नॉइजपेक्षा जेमतेम २६ डेसिबेल वर होता. आणि ती आजारी दिशा कुठे एकवटलेली? मधल्या सबकॅरिअरवर. कडेच्याला एकाच बाजूने शेजारी, मधल्याला दोन्हीकडून.

आठ सबकॅरिअरला हाच भागाकार विसाच्याही आत होता. म्हणून १३ तारखेला सगळं गोड वाटलं.

बॅटरी संपायच्या आत आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि या नोंदींतून एकच ओळ उचलायची असेल तर ही उचला. सोळा सबकॅरिअर, पण अल्फा ०.९. भागाकार पुन्हा विसाच्या आत, आठ सबकॅरिअर आणि ०.८ ला आला होता जवळपास तितकाच. म्हणजे दुखणं नुसत्या अल्फाचं नाही, (१ − अल्फा) गुणिले सबकॅरिअरची संख्या, याचं आहे. दोन्हीकडे हा गुणाकार १.६. सोळा आणि ०.८ ला ३.२. पेपरमधला अल्फा बघून भुलू नका, त्यांचे सबकॅरिअर किती होते ते आधी मोजा.

संध्याकाळी सहाला लाईट आली. साडेतीनशेची केबल आता टीव्हीला लावली आहे.

२७ जुलै, शनिवार

भाचा हट्टाला पेटला. "मामा, मेझोने १९७५ सालीच दाखवलंय की ०.८ पर्यंत काही तोटाच होत नाही." दाखवलंय, खरं आहे. बेल लॅब्जच्या मेझोचा आकडा ०.८०२. दोन सिग्नलमधलं कमीत कमी अंतर तिथपर्यंत घटत नाही. पण ते अंतर उपयोगी पडतं ते सगळ्या शक्यता तपासणाऱ्या रिसीव्हरला. मॅट्रिक्स उलटी करून मोकळं होणाऱ्याला त्याचा काडीचा फायदा नाही. आम्ही फुकट जेवायला निघालो होतो, पण वाढप्यालाच सोबत घेतलं नव्हतं.

सगळ्या शक्यता तपासायच्या म्हणजे सोळा सबकॅरिअर, प्रत्येकी चार पर्याय: ४,२९,४९,६७,२९६. एका सिम्बॉलला. आठला ६५,५३६ होते, ते जमलं असतं. सोळासाठी स्फिअर डिकोडर, म्हणजे लांबच्या शक्यता छाटत शोधणारा रिसीव्हर, लागणार.

त्याआधी एक सोपा रस्ता चाखून पाहिला: अंदाज करायचा, शेजाऱ्यांची गळती वजा करायची, पुन्हा अंदाज. दहा-वीस फेऱ्या. सुरुवातीला एखादा मधला सबकॅरिअर चुकला की त्याची चूक शेजाऱ्याला, शेजाऱ्याची परत याला. वाड्यातल्या भांडणासारखं, मिटतच नाही. सोडून दिला.

३ ऑगस्ट, शनिवार

स्फिअर डिकोडर लिहून झाला. मॅट्रिक्सचा त्रिकोण करायचा, शेवटच्या सबकॅरिअरपासून सुरुवात करायची, एकेक पर्याय धरत झाडावर चढायचं, आणि ठरवलेल्या त्रिज्येबाहेर गेलं की ती फांदी सोडायची.

पहिली चूक त्रिज्येची. आम्ही ती हाताने ठरवली. छोटी ठेवली तर आत एकही उत्तर सापडेना, आणि कोड मुकाट्याने सगळे शून्य परत करायचा. भाच्याला वाटलं चॅनेल मेलं. मोठी ठेवली तर लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागला आणि आम्ही चहा पिऊन आलो तरी पहिलाच सिम्बॉल चालू. उपाय असा: आधी त्याच त्रिकोणावरून एकदा सरळ खाली उतरायचं, प्रत्येक पायरीला जवळचा पर्याय धरत. जे उत्तर मिळेल ते बरोबर असो वा चूक, त्याचं अंतर हीच पहिली त्रिज्या. मग निदान एक उत्तर आत असतंच. अधिक चांगलं सापडलं की त्रिज्या आवळायची.

केबलवर सोळा सबकॅरिअर, ०.८, शून्य चुका. २६ डेसिबेलवरच. बहुतेक सिम्बॉल चुटकीसरशी सुटतात, पण एखादा असा येतो की मिनिटभर अडकतो. वेळेची खात्री नाही, हे रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिही असं भाच्याला बजावलं.

१० ऑगस्ट, शनिवार

आता दोन लॅपटॉप. केबल तीच. छोटा मजकूर बरोबर पोचला, लांब फाइल पाठवली तर पहिला सेकंदभर बरोबर आणि नंतर सगळा चिवडा. कॉन्स्टेलेशन, म्हणजे क्यूपीएसकेचे चार पर्याय ठिपक्यांनी दाखवणारा आलेख, पाहिलं तर चार ठिपके हळूहळू गोल फिरत होते, भोवऱ्याचा जोर संपत आल्यावर फिरतो तसे.

दोन साउंड कार्डांची घड्याळं वेगळी. दहा सेकंदांत २२ सॅम्पलचा फरक, म्हणजे दर दहा लाखांत सुमारे ४६. ऐकायला काहीच नाही. पण २००० हर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे १५ अंश. सेकंदाला ३३ अंश फिरलं तर क्यूपीएसकेची ४५ अंशांची मर्यादा दीड सेकंदाच्या आतच ओलांडली जाते. एकाच लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नसतं, पाठवणारा आणि ऐकणारा एकाच घड्याळावर. सुरुवातीला आणि शेवटी एकेक चर्प, म्हणजे सरकत जाणारा सूर, टाकला, दोन्हींमधलं अंतर मोजून रेकॉर्डिंग तेवढं ताणून-आवळून घेतलं, म्हणजे रिसॅम्पल केलं. काम तासाभराचं, शोधायला दिवस गेला.

११ ऑगस्ट, रविवार

केबल काढली. स्पीकर टीपॉयवर, माइक अडीच मीटरवर. ओएफडीएम चाललं. एसईएफडीएम, मग ०.९ असो की ०.८, पार झोपलं. सिम्युलेशनमध्ये चालतंय, केबलवर चालतंय, हवेत नाही. बायको म्हणाली, दोन रविवार घरात मोडेमचा जुना आवाज येतोय, निदान इंटरनेट तरी लागू दे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून आल्यावर सापडलं. सायक्लिक प्रीफिक्स.

खोलीतले प्रतिध्वनी गिळायला सिम्बॉलच्या आधी त्याच्याच शेपटीचा तुकडा जोडतात. आम्ही सवयीने १०२४ सॅम्पलच्या सिम्बॉलची शेपटी कापून पुढे लावली होती. ओएफडीएममध्ये ते बरोबर असतं, कारण प्रत्येक सूर सिम्बॉलमध्ये पूर्ण फेऱ्या मारतो आणि शेपटी डोक्याला सांधा न दिसता जुळते. १०२४ मध्ये आमचे बहुतेक सूर पूर्ण फेऱ्या मारतच नाहीत. शेपटी आणि डोकं यांच्यामध्ये उडी. केबलवर प्रतिध्वनी नसल्याने प्रीफिक्स नुसता टाकून दिला जातो, म्हणून चूक लपून राहिली.

शेपटी घ्यायची ती फेकून दिलेल्या भागाची. आयएफएफटीचे पूर्ण १२८० सॅम्पल घ्या, त्यांच्या अगदी शेवटचा तुकडा उचला आणि १०२४ च्या आधी लावा. १२८० वर सगळे सूर पूर्ण होतात, त्यामुळे सांधा अखंड. कोडमध्ये एका ओळीचा बदल. चार दिवस.

प्रीफिक्स २५६ वरून ५१२ सॅम्पल केला. २५६ म्हणजे आवाजाच्या भाषेत १.८ मीटर, आमच्या दिवाणखान्याला तो पुरेना. ५१२ म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर.

१७ ऑगस्ट, शनिवार

चॅनेलचा अंदाज घ्यायला ओळखीचा सिम्बॉल आधी पाठवतो. तोही आम्ही १०२४ चाच पाठवत होतो, म्हणजे ज्या गुंत्यातून सुटायचं त्याच गुंत्यातून मोजमाप. ट्रेनिंग सिम्बॉल पूर्ण १२८० चा ठेवा. तेच सूर, त्याच जागा, पण त्या काळात ते एकमेकांत मिसळत नाहीत, आणि प्रत्येक सबकॅरिअरचं माप सुटं मिळतं. हे सुचलं भाच्याला. मी दोन पेपर चाळून इंटरपोलेशन लिहायला बसलो होतो.

आज ०.९ वर पहिला मजकूर हवेतून. पाठवलं, "पुणे तिथे काय उणे". ४५ बाइट, ३६० बिट, १२ सिम्बॉल. दुसऱ्या लॅपटॉपवर उमटलं:

पुळे तिथे काय उणे

पाच मिनिटं हसलो. मग मी बाइट काढून पाहिले. युनिकोडमध्ये ण ०९२३ वर आणि ळ ०९३३ वर. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहायच्या पद्धतीत, शेवटच्या बाइटला दोघांत एका बिटाचा फरक. ३६० पैकी एक बिट उलटा पडला आणि मुठेकाठचं गाव थेट रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राला लागलं.

१८ ऑगस्ट, रविवार

तो एक बिट का पडला? छताचा पंखा. पाती फिरतात तसे प्रतिध्वनी बदलतात, आणि सुरुवातीला घेतलेलं चॅनेलचं माप शेवटच्या सिम्बॉलपर्यंत शिळं होतं. पंखा बंद, चूक बंद. दर सहा सिम्बॉलनंतर नवा ट्रेनिंग सिम्बॉल घातला तर पंखा चालू असतानाही निभतं.

संध्याकाळी सहानंतर मात्र हात टेकले. म्हात्रे पुलाच्या बाजूने पथकाचा सराव सुरू झाला. गंमत म्हणजे ढोल निरुपद्रवी. त्याची सगळी ताकद खाली, आमच्या १८०० हर्ट्झपर्यंत त्यातलं फारसं येत नाही. ताशा मात्र जीव घेतो. काडी पडली की क्षणभर सगळे सबकॅरिअर एकदम पुसले जातात. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कुठल्या क्षणी कुठले सूर ते दाखवणाऱ्या चित्रावर, उभ्या रेघांची नुसती झालर. कुकरच्या शिट्टीचंही तसंच, पण ती निदान तीन झाल्या की थांबते.

०.८ चं हवेतून काय? रात्री अकरानंतर, पंखा बंद, खिडक्या बंद, स्फिअर डिकोडर लावून, चालतं. दिवसा नाही. चॅनेलच्या मापात थोडी जरी खोट असली तरी ती आजारी दिशा लगेच उसळून येते.

२४ ऑगस्ट, शनिवार

हिशेब. भाच्याने स्लाइडवर "२५ टक्के जास्त वेग" लिहिलं होतं. खोडायला लावलं. १२८० चे १०२४ केले की २५ टक्के, हे खरं. पण प्रीफिक्सचे ५१२ सॅम्पल दोन्हीकडे तसेच राहतात. ओएफडीएमचा सिम्बॉल १७९२ सॅम्पलचा, सेकंदाला ८५७ बिट. ०.८ चा १५३६ चा, बरोबर १००० बिट. म्हणजे फायदा १७ टक्क्यांच्या आत. आणि दिवसाढवळ्या चालणाऱ्या ०.९ चा ११५२ अधिक ५१२, म्हणजे १६६४ चा, ९२३ बिट, पावणेआठ टक्के. ट्रेनिंग सिम्बॉल यात धरलेले नाहीत. ते धरले तर आणखी घटेल.

सेकंदाला ६६ बिट जास्त. देवनागरीचं एक चिन्ह २४ बिटांचं. सात आठवड्यांत आम्ही सेकंदाला पावणेतीन चिन्हं कमावली.

"मग मामा, फाइव्ह-जीवाल्यांनी हे घेतलं नाही ते बरोबरच की." तिथे ओएफडीएमच्या जागी एफबीएमसी, जीएफडीएम अशा बऱ्याच पद्धतींची चर्चा झाली होती आणि २०१८ च्या रिलीज १५ या नियमावलीत शेवटी ओएफडीएमच राहिलं. गेल्या महिन्यात मला ते भित्रेपणाचं वाटायचं.

खर्च एकूण ९५० रुपये, त्यातले ३५० टीव्हीच्या खात्यावर.

३१ ऑगस्ट, शनिवार

शेवटची चाचणी. अल्फा ०.९, सोळा सबकॅरिअर, पंखा चालू, स्वयंपाकघराचं दार उघडं, दुपारी तीन. वीस वेळा पाठवलं. एकोणीस वेळा "पुणे", एकदा "पुडे". ण आणि ड, तिथेही एकच बिट. त्या वेळी खाली भंगारवाला ओरडत होता, ते रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. व्हायव्हात कुणी विचारलंच तर भाचा ते वाजवून दाखवणार आहे.

एरर करेक्शन कोड घालायचा राहिला. पुढच्या शनिवारी गणपती बसतायत आणि टीपॉय मखराला हवाय, म्हणून लॅपटॉप, डिव्हायडर आणि उरलेला प्रीसेट एका डब्यात भरून कपाटावर ठेवलं.